गल्ली फुटबॉलमध्ये शॉट कसा सुधारायचा: सुरुवात टेकलेल्या पायापासून

कोल्हापुरात पेठेत वाढलेल्या पोराला फुटबॉल शिकवावा लागत नाही, असं बाहेरची माणसं म्हणतात. खेळ येतो, हे खरं आहे. शॉट मात्र आपोआप येत नाही. मंगळवार पेठेतल्या एका बोळात मी सहा-सात वर्षं खेळलो. त्यातली निम्मी वर्षं माझा शॉट एकतर कौलांवर जायचा, नाहीतर थेट गोलीच्या अंगावर. जोर कमी पडतोय असं वाटून मी जोर वाढवत राहिलो आणि बॉल आणखी वर जात राहिला. पेठेतल्या तालमीकडून (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) खेळलेले एक दादा संध्याकाळी कट्ट्यावर बसून आमचा खेळ बघायचे. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “मारणारा पाय बघू नगंस. टेकलेला पाय बघ. बॉल तिकडंच जातोय.”

पुढच्या दोन महिन्यांत माझा खेळ बदलला. ज्यांना असे दादा मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गल्लीत, सोसायटीच्या आवारात किंवा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाच-पाच जणांत नव्याने खेळायला लागलेल्या कुणालाही याचा उपयोग होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टीव्हीवर दिसणारा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. फुटसालचा, म्हणजे लहान मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा, गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. आपला गोल म्हणजे दोन विटा किंवा दोन चपला, मध्ये चार-पाच पावलं. उंचीचा नियम गल्लीगणिक वेगळा. आमच्याकडे गोलीच्या गुडघ्यावरून गेलेला बॉल बाद धरायचे. त्यामुळे मोठ्या मैदानावर टाळ्या मिळवणारा शॉट गल्लीत बहुतेक वेळा फुकट जातो. इथे बॉल खाली राहिला पाहिजे आणि गोलीला कळायच्या आत सुटला पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

१. साहित्य जमवा

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते नीट असू द्या.

- बॉल: डांबरी रस्त्यावर महागडा मॅचचा बॉल नेऊ नका, आठवड्यात त्याची साल निघते. जाड रबरी आवरणाचा बॉल बरा. जमलं तर चार नंबरचा फुटसालचा बॉल घ्या. त्याचं वजन ४०० ते ४४० ग्रॅम, म्हणजे मोठ्या मैदानावरच्या पाच नंबरच्या बॉलइतकंच जवळजवळ, पण तो आकाराने लहान असतो आणि कमी उडतो. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटिमीटरच वर येतो. हात डोक्यावर उंच करून बॉल सोडा. गुडघ्याच्या आसपास आला तर ठीक.
- पंप आणि पिन: पिन घालण्याआधी ओली करा. कोरडी पिन घुसवली की आतला व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल कायमचा गळका होतो.
- बूट: सिमेंट आणि डांबरावर सपाट तळाचे, टर्फवर बारीक रबरी दाण्यांचे. साधे कॅनव्हासचे बूट गल्लीत उत्तम चालतात.
- खडू, अर्ध्यापर्यंत वाळू भरलेल्या दोन बाटल्या, थोडं पाणी.
- एक भिंत, जिला खिडकी नाही.

बुटांबद्दल कळकळीने सांगतो. मैदानावरचे लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट घालून सिमेंटवर खेळू नका. सोळाव्या वर्षी मी ते केलं. शॉट मारताना टेकलेला पाय सटकला, घोटा मुरगळला आणि तीन आठवडे घरी बसलो. लांब स्टड कडक जमिनीत रुतत नाहीत, त्यामुळे पाय कशालाच धरून राहत नाही.

२. टेकणारा पाय बसवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

उजव्या पायाने मारणाऱ्याचा डावा पाय बॉलच्या शेजारी टेकतो. तो कुठे टेकला आणि त्याचं बोट कुठे बघतंय, यावर शॉटचं जवळजवळ सगळं अवलंबून असतं. पाय बॉलच्या मागे राहिला तर अंग मागे झुकतं, मारणारा पाय बॉलच्या खाली शिरतो आणि बॉल वर जातो. माझ्या कौलांवर गेलेल्या शॉटचं कारण हेच होतं. पाय बॉलच्या फार पुढे पडला तर बॉल वरून दाबला जातो आणि घरंगळतो. फार जवळ टेकला तर मारणाऱ्या पायाला फिरायला जागा उरत नाही. फार लांब टेकला तर अंग एका बाजूला कलतं आणि बॉल कातरल्यासारखा तिरका सुटतो.

बरोबर जागा म्हणजे बॉलच्या बरोबरीने, बाजूला साधारण एक वीतभर अंतरावर. उंचीप्रमाणे दोन-चार बोटं इकडे-तिकडे. बुटाचं टोक जिथे बॉल पाठवायचा तिकडे, गुडघा किंचित वाकलेला, छाती बॉलच्या वर. मारणाऱ्या पायाच्या उलट बाजूचा हात बाहेर काढा, तोल त्यानेच राहतो.

हे डोळ्यांनी तपासायची एक सोपी पद्धत आहे. कोरड्या सिमेंटवर बॉल ठेवा आणि त्याभोवती खडूने गोल काढा. टेकणाऱ्या पायाच्या बुटाचा तळ ओला करा आणि शॉट मारा. बॉल कुठे गेला हे नंतर बघा. आधी खाली बघा: खडूच्या गोलाशेजारी ओला ठसा उमटलेला असेल. तो मागे आहे, पुढे आहे, की बाहेर बघतोय, सगळं तिथे लिहिलेलं असतं. दहा शॉट मारा, दहा ठसे बघा. आपला पाय नेहमी एकाच बाजूला चुकतो हे कळल्यावर दुरुस्ती सोपी होते.

पळत येताना सरळ रेषेत येऊ नका. बॉलच्या मागून थोडं तिरकं, तीस ते पंचेचाळीस अंशांतून या. त्याने कंबर फिरायला जागा मिळते. मैदानावर शेवटचं पाऊल लांब टाकायला सांगतात, कारण त्याने जोर वाढतो. गुळगुळीत फरशीवर किंवा धुळीच्या सिमेंटवर तेच लांब पाऊल घसरतं. तिथे शेवटचं पाऊल आखूड ठेवा आणि तळवा पूर्ण टेकवा. थोडा जोर कमी पडला तरी चालेल.

पहिला आठवडा धावून मारूच नका. एक पाऊल मागे उभे राहा, टेका, मारा.

३. घोटा घट्ट करा आणि कशाने मारायचं ते ठरवा

मारताना घोटा सैल राहिला तर पायाचा जोर तिथेच जिरतो. बुटाच्या आत बोटं खाली आवळली की घोटा आपोआप ताठ होतो. नवख्यांना हे सांगावं लागतं, कारण बाहेरून बघताना दिसत नाही.

गल्लीत तीन प्रकार पुरतात.

आतली बाजू. पास देतो तसाच, पण जरा ठासून. टाच आणि अंगठा यांच्या मधला चपटा भाग बॉलच्या मधोमध लागला पाहिजे. सहा-सात मीटरच्या आत माझा विश्वास यावरच आहे. गल्लीतले बहुतेक गोल असेच होतात, आणि नवीन पोरं यालाच कमी लेखतात, कारण आवाज येत नाही.

लेस. बुटाची लेस असते त्या हाडाने, बोटं जमिनीकडे करून. अंतर जास्त असेल किंवा समोर गर्दी असेल तेव्हा. बॉल खाली ठेवायचा असेल तर बॉलला लागताना मारणाऱ्या पायाचा गुडघा बॉलच्या वर हवा. नजर बॉलवर ठेवा. गोल हललेला नसतो, त्याच्याकडे बघायची घाई नको.

टो, म्हणजे बुटाचं टोक. ‘टोने मारू नको’ असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं, आणि शिकताना ते बरोबरही आहे, कारण टोकाचा बॉलशी संपर्क इतका लहान असतो की जरा चुकलं तरी दिशा बिघडते. पण टोचा एक गुण दुसऱ्या कशात नाही: पाय मागे न्यावाच लागत नाही. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या रोनाल्डोने असाच टोने गोल केला. अंगाला बचावपटू चिकटलेले असताना, पळता-पळता. तो लहानपणी फुटसालमध्ये घडला होता, आणि ही सवय अशा लहान जागेतूनच येते. २००५ मध्ये चेल्सीविरुद्ध रोनाल्डिन्होने जवळजवळ जागेवर उभं राहून टोने मारलेला गोल शोधून बघा. गोलीला हलताच आलं नाही. टो मारताना बॉलच्या बरोबर मधोमध लागलं पाहिजे, आणि अनवाणी असाल तर मारूच नका, अंगठ्याचं नख जातं.

बॉल वळवणं शिकू का, असं बरेच जण विचारतात. इतक्यात नको. रॉबर्टो कार्लोसने १९९७ मध्ये फ्रान्सविरुद्ध लियॉंला मारलेली फ्री किक सगळ्यांच्या डोक्यात असते. ती सुमारे ३५ मीटरवरून होती. फिरणाऱ्या बॉलला हवा बाजूला ढकलते, पण त्यासाठी त्याला तेवढं अंतर कापावं लागतं. आपल्या सहा मीटरमध्ये बॉल वळायच्या आत भिंतीला लागलेला असतो.

४. शॉट लपवा

इथे थोडं गणित करू. सहा मीटरवरून ताशी ५४ किलोमीटर वेगाने मारलेला बॉल ०.४ सेकंदात गोलात पोचतो. महिनोन् महिने मेहनत करून वेग ताशी ६५ केला, तर ०.३३ सेकंद. फायदा ०.०७ सेकंदाचा. आता दुसरी बाजू बघा. डोळ्यांनी बघून अंग हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तुम्ही पाय पार मागे नेऊन, हात पसरून मारायला निघालात, तर गोली बॉल सुटायच्या आधीच हलायला लागतो. मोठ्या झोक्यात तुम्ही त्याला जेवढा वेळ फुकट देता, तो जोरातून कमावलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो.

म्हणून झोका अर्धा करा. पाय गुडघ्यातून मागे न्या, कमरेतून नव्हे. बॉल पायाजवळ ठेवून चालता-चालता, पळण्याची लय न मोडता मारायचा सराव करा. मित्राला समोर उभं करा आणि शॉट येतोय असं वाटलं की हात वर करायला सांगा. त्याचा हात बॉल सुटल्यानंतर वर गेला पाहिजे.

यात एक चूक हमखास होते. झोका आखूड करताना पोरं बॉलला लागल्यावर पायही तिथेच थांबवतात. मागचा झोका आखूड ठेवा, पुढे मात्र पाय जाऊ द्या.

५. पहिला टच शॉटसाठीच घ्या

बॉल पायात अडकून राहिला तर वरचं काहीच उपयोगी पडत नाही. पास येतो तेव्हा पहिल्या टचने बॉल मारणाऱ्या पायाच्या बाजूला, अर्धा-पाऊण मीटर पुढे तिरका सरकवा. दुसरा टच म्हणजे शॉट. डांबरी रस्त्यावर खडी असते, बॉल ऐनवेळी उसळतो. तिथे तळव्याने बॉल दाबून ओढून घेणं जास्त भरवशाचं. फुटसालवाले तळवा इतका वापरतात त्यामागेही लहान जागाच आहे.

भिंतीचाही वापर करा. गल्लीत बॉल भिंतीला लागून परत आला तरी खेळ चालू असतो. बचाव करणारा समोर असेल तर भिंतीवर मारून त्याच्या पाठीमागे बॉल घ्या आणि परतणाऱ्या बॉलवर पहिल्याच टचला मारा.

६. गोलीला आधी बघून ठेवा

शॉटच्या क्षणी वर बघू नका. बॉल तुमच्याकडे येत असताना एकदा मान वर करा: गोली कुठल्या विटेजवळ आहे, पाय किती फाकलेत, पुढे आलाय का. एवढं चित्र पुरतं.

शंका असेल तर लांबच्या विटेकडे, जमिनीलगत मारा. गोलीने अडवला तरी बॉल समोर पडतो आणि आपला माणूस तिथे असू शकतो. जवळच्या विटेकडे मारलेला बॉल हुकला की गटारात किंवा शेजारच्या अंगणात जातो आणि खेळ थांबतो. गोली पुढे धावून आला असेल तर त्याच्या पायांमधली जागा सगळ्यात मोठी असते, कारण धावणारा माणूस पाय जुळवू शकत नाही.

७. भिंतीसमोर रोज वीस मिनिटं

भिंतीच्या मालकाला आधी विचारा. दुपारी दोन ते चार बॉल आपटू नका, घरात म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं झोपलेली असतात. याच कारणावरून आमच्या बोळातला खेळ एक अख्खा उन्हाळा बंद झाला होता. रस्त्यावर असाल तर कुणीतरी ‘गाडी!’ ओरडलं की बॉल पायाखाली दाबून थांबायचं, गोल होत असला तरी.

आधी पाच-सात मिनिटं हलकं पळा, मांड्या आणि जांघा मोकळ्या करा. थंड अंगाने लेसचा शॉट मारला की जांघ धरते आणि ती लवकर सुटत नाही.

मग भिंतीवर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर खडूची आडवी रेघ ओढा आणि खाली तीन चौकोन करा. चार मीटरवरून आतल्या बाजूने वीस शॉट, रेघेच्या खाली. मग सहा मीटरवरून आखूड झोक्याने वीस. त्यानंतर भिंतीवरून परत येणारा बॉल एका टचने बाजूला घेऊन दुसऱ्याने मारा, पंधरा वेळा. शेवटी दोन्ही बाटल्या विटांच्या आत एकेक वीत अंतरावर ठेवा आणि लांबची बाटली पाडा. मित्र असेल तर त्याने ऐनवेळी ‘डावी’ किंवा ‘उजवी’ ओरडावं.

लेसने पूर्ण जोराचे शॉट दिवसाला वीस-पंचवीसच्या वर नकोत. दहा ते पंधरा वर्षांच्या वाढत्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखायला लागलं, तर तेल लावून खेळत राहू नका. त्या वयात मांडीचा स्नायू तिथलं कोवळं हाड ओढत असतो. शॉट बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

८. दुसरा पाय

प्रत्येक संचातले एकतृतीयांश शॉट कच्च्या पायाने मारा. फक्त आतल्या बाजूने. बोळात एका बाजूला भिंत असते. उजव्यानेच मारणाऱ्याला बचाव करणारा त्या भिंतीकडे ढकलत नेतो आणि विषय संपतो.

९. पाऊस आणि टर्फ

ओल्या रस्त्यावर बॉल टप्पा घेतल्यावर जास्त वेगाने सरकतो. गोलीच्या अर्धा मीटर आधी टप्पा पडेल असा खालचा शॉट पावसात धरणं फार अवघड. पण टेकणारा पायही घसरतो, म्हणून धावत मारू नका. चिखलाच्या मैदानावर उलटं होतं: बॉल अडतो, टेकणारा पाय रुततो. तिथे बॉल जरासा पुढे ठेवून मारा.

टर्फवर बॉल सरळ आणि वेगात चालतो. गल्लीतून पहिल्यांदा टर्फवर गेलात की पहिला टच लांब जाईल. पहिली दहा मिनिटं फक्त पास द्या.

१०. सामन्यात आणताना

कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा किंवा बालगोपाल या इथल्या संघांचा सामना असेल तर एकदा बॉल सोडून फॉरवर्डच्या, म्हणजे पुढे खेळून गोल करणाऱ्याच्या, टेकणाऱ्या पायाकडेच बघत बसा. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. अशा फॉरवर्डचे सामने मोबाईलवर सावकाश गतीने बघता येतात. शॉटच्या आधीची दोन पावलं थांबवून-थांबवून बघा.

स्वतःच्या सामन्यात पहिले दोन आठवडे गोल मोजू नका. सवय बदलताना गोल आधी कमी होतात आणि त्या भीतीने बरेच जण जुन्या झोक्याकडे परत जातात. घरी आल्यावर वहीत तीन रकाने भरा: किती शॉट मारले, त्यातले किती गुडघ्याखाली राहिले, आणि किती वेळा गोली बॉल सुटल्यावर हलला. माझ्या पहिल्या पानावर नऊ, दोन आणि शून्य असं लिहिलेलं होतं. दोन महिन्यांनी मी सहाच शॉट मारले होते. पाच खाली राहिले आणि तीन वेळा गोली उशिरा हलला.